बहिरी ससाण्याची टोपी

बहिरी ससाणा बहिरा नसतो. त्याचे कान ठणठणीत असतात, गडबड फक्त नावात झाली आहे. अरबीत ‘बहर’ म्हणजे समुद्र आणि ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठी जिभेवर ‘बहिरी’ झाला. बाज आणि शाहीन ही नावंही फारसीतलीच. गोंदियाजवळच्या फुलचूरला विजेच्या तारेवर एखादा शिक्रा बसलेला दिसला, तर त्याच्या नावातही ‘शिकार’ ऐकू येईल. ही नावं माणसाच्या एका जुन्या उद्योगातून आली आहेत: पक्षी शिकवायचा आणि त्याच्याकडून शिकार करून घ्यायची.

या उद्योगातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे पक्ष्याच्या डोक्यावरची चामड्याची टोपी. मराठीत ‘टोपी घालणं’ म्हणजे फसवणं. इथेही तेच व्हायचं. शिकारी पक्षी डोळ्यांवर जगतो. कुत्रा, घोडा, माणसांची गर्दी दिसली की तो बिथरतो आणि पंख आपटून घेतो. डोळे झाकले की त्याला रात्र झाल्यासारखं वाटतं आणि तो शांत बसतो. सावज दिसलं की टोपी काढायची आणि पक्षी सोडायचा.

ही युक्ती पूर्वेकडची. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने शिकारी पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. टोपीची कल्पना आपण अरबांकडून घेतली, हे त्याने त्यात मोकळेपणाने सांगितलं आहे. पुढे प्रत्येक मुलखाने आपापली तऱ्हा काढली. डच टोपी चामड्याचे तीन तुकडे जोडून शिवतात. हिंदुस्थानी टोपी एकाच तुकड्याची, घडी घालून बेतलेली. मागे दोन वाद्या असतात. एका हातावर पक्षी असल्यामुळे शिकारी त्या वाद्या दुसऱ्या हाताने आणि दातांनी ओढतो.

आता ही टोपी शिवायची कशी? ससाण्याचे डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे असतात. चामडं त्यांना टेकलं तर इजा होते, म्हणून डोळ्यांवर फुगवटा हवा आणि तो दबता कामा नये. नाकपुड्या मोकळ्या हव्यात. चोच पुरेशी उघडली पाहिजे, कारण न पचलेली पिसं आणि हाडं हा पक्षी गोळी करून तोंडावाटे टाकतो. उजेडाची एक फटही चालत नाही. हे सगळं करून टोपी वजनाला अगदी हलकी.

अशा कामाला कुठलं चामडं टिकतं? आज जगभरातले टोपी बनवणारे कांगारूचं चामडं पसंत करतात, कारण पातळ असूनही ते सहज फाटत नाही. शोभेसाठी डोळ्यांवरच्या भागाला सरडावर्गीय प्राण्यांचं किंवा शहामृगाच्या पायाचं खवल्यांचं कातडंही लावतात. पण टोपी किती वर्षं टिकेल, हे कातडं कुठल्या प्राण्याचं यापेक्षा ते कमावलं कसं यावर जास्त ठरतं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं करून साच्यावर बसवलं, की वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. एकोणिसाव्या शतकात आलेल्या क्रोमच्या पद्धतीने काम झटपट होतं आणि चामडं मऊ राहतं, पण साच्याचा आकार ते तितका धरत नाही.

इथे ही गोष्ट आपल्या घराजवळ येते. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हिरडा सह्याद्रीत मिळतो, तसा पूर्व विदर्भाच्या जंगलातही मिळतो. कातडं कमावणारे ढोर, शिवणारे चांभार, खोगीर बनवणारे जिनगर, ही माणसं हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपत आली. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखाना होता. त्यातल्या पट्ट्या, वाद्या, म्यानं, खोगिरं यांच्यामागे असेच हात असणार. बखरींत राजाच्या शिकारीचं वर्णन येतं, टोपी शिवणाऱ्याचं नाव येत नाही. त्याला गावाच्या कडेला राहावं लागलं आणि त्याच्या कामाची वस्तू मात्र राजाच्या मनगटावर मिरवली.

कोल्हापुरात अशी टोपी चित्त्याच्याही डोळ्यांवर आली. विसाव्या शतकात या संस्थानात चित्त्यांकरवी काळविटाची शिकार चाले. भारतातले चित्ते संपत आले, तेव्हा ते आफ्रिकेहून आणले गेले. डोळे झाकलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढायची. पुढे संस्थानं गेली. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पकडण्याची वाट बंद केली. घोरपडीच्या कातड्याचा व्यापारही आज गुन्हा आहे. युनेस्कोने 2010 मध्ये ससाण्यांची शिकारविद्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत पाकिस्तान आहे, भारत नाही.

त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. रानातला पक्षी रानात राहिला, हे चांगलंच झालं. 2022 मध्ये कुनोला चित्ते परत आले. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर आहे, डोळे उघडे आहेत.

काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. टोपी गेली तरी ती शक्य करणारी विद्या अजून जिवंत आहे, पण जेमतेम. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला दाखवल्यावर देशभर वाद झाला. त्या आठवड्यात सगळे डिझाइनबद्दल बोलत होते. हिरड्याच्या पाण्यात दिवसच्या दिवस कातडं उलटंपालटं करणाऱ्या माणसाबद्दल फार कमी लोक बोलले. त्या कामाला वास आहे, कष्ट आहेत, आणि जातीने चिकटवलेली हेटाळणीही आहे. त्याच्या मुलाने हे काम सोडलं, तर त्याला दोष कोण देणार? पण मग पुढची पिढी चामडं शिवेल, कमावणार मात्र नाही. आणि कमावण्याचं गणित कुठल्याही पोथीत पूर्ण लिहिलेलं नाही. साल किती, पाणी किती, कातडं कधी बाहेर काढायचं, हे बोटांना कळतं.

बहिरी ससाण्याच्या नावातला समुद्र आपण विसरलो, तरी पक्ष्याचं काही बिघडलं नाही. हे विसरलो, तर मात्र परत शिकवायला कोणी उरणार नाही.