धूम्रपानत्याग आणि कॅफीनचा चयापचय

चहा-कॉफीतून शरीरात दाखल झालेल्या कॅफीनची विल्हेवाट लावण्याचे काम यकृताचे असून, त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भार सीवायपी१ए२ हे एकच एंझाइम वाहते. तंबाखू जळताना निर्माण होणारी बहुचक्री ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने धुरावाटे शरीरात जाऊन यकृतपेशींकडून या एंझाइमाची वाढीव निर्मिती करवितात; परिणामी, धूम्रपान न करणाऱ्या प्रौढाच्या रक्तातील कॅफीन निम्म्यावर येण्यास जेथे सुमारे ५ तास लागतात, तेथे धूम्रपान करणाऱ्यास ३ ते ३.५ तास पुरतात. हा प्रभाव धुराचा आहे, निकोटिनाचा नव्हे, हे येथे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. तंबाखू चुन्याशी मळून खाणाऱ्याच्या यकृतात हा पालट संभवत नाही, आणि विडी-सिगारेट सोडून निकोटिनाची पट्टी लावणाऱ्याच्या यकृतातील तो पट्टीमुळे टिकूनही राहत नाही.

धूर थांबला की एंझाइमाचा हा वाढीव अंमल झपाट्याने ओसरतो. फाबर व फूर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो सुमारे ३९ तासांत निम्मा झाल्याचे आढळले. बेनोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी, १९८९ साली, असे दाखविले होते की धूम्रपान सोडलेल्यांच्या रक्तातील कॅफीनचे प्रमाण दुपटीच्या घरात जाते व सहा महिन्यांनंतरही चढेच राहते. म्हणजे कपांची संख्या तीच राहिली, तरी त्यांचा परिणाम दुप्पट होतो. बेचैनी, चिडचिड आणि झोपमोड ही निकोटिनाच्या तलफेची लक्षणे कॅफीनाधिक्यातही उद्भवत असल्याने, ज्याने चार दिवसांपूर्वी मोठ्या निश्चयाने सिगारेट टाकली तो बिचारा सारा त्रास तंबाखूच्या विरहाचाच समजतो, जागरणाचा शीण घालविण्यासाठी आणखी एक कप मागवितो, आणि कित्येकदा हार मानून पुन्हा सिगारेटकडे वळतो. वास्तविक, पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणण्याची ताकीद त्यास मिळाली असती, तर त्या यातनेचा काही भाग खास टळला असता. कॉफी अजिबात तोडणे मात्र इष्ट नव्हे, कारण एकाएकी कॅफीन बंद केल्याने डोकेदुखी व मरगळ येते.

थिओफिलीन, क्लोझापीन आणि ओलांझापीन ही औषधेही बऱ्याच अंशी याच एंझाइमावर अवलंबून असल्यामुळे, ती घेणाऱ्याने धूम्रपान सोडल्याची खबर वैद्यास तत्काळ देणे जरुरीचे असते.