अस्तरावरील शिक्के

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन गणवेष जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग युरोप-अमेरिकेत आहे. त्यांच्या बाजारात पायदळी शिपायाचा करडा-हिरवा ओव्हरकोट तुलनेने सहज मिळतो. लोहमार्ग पोलिसांचा गणवेष क्वचितच दृष्टीस पडतो. या छंदाकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. तथापि जुना कोट हाही एक कागदच होय, असे आम्ही मानतो. आमची तक्रार निराळी आहे. कागद अस्सल की बनावट एवढे ठरले की संग्राहकांची चौकशी थांबते. वस्तुतः इतिहासाची चौकशी तेथून सुरू व्हावयाची असते.

प्रथम कोटच पाहू. १९३६ च्या नमुन्यात पुढे गुंड्यांच्या दोन ओळी असून कॉलर गडद हिरवी असे. १९४० पासून कॉलरही अंगाच्याच कापडाची होऊ लागली. १९४१-४२ च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे सैन्य गारठले, आणि १९४२ च्या नमुन्यात कॉलर रुंद झाली. कापडाची प्रतही वर्षागणिक उतरत गेली. चिंध्या पिंजून काढलेली लोकर आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा यांची भर वाढत गेली. पराभवाची चाहूल सेनापतींच्या खलित्यांपेक्षा कापडात लवकर लागते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आत अस्तरावर काळे शिक्के असतात. 'बी ४१' म्हणजे बर्लिनचे कोठार, वर्ष १९४१; 'ई' म्हणजे एर्फुर्ट. शेजारी मापांचे आकडे. युद्धाच्या उत्तरार्धात कारखान्याचे नाव जाऊन त्याजागी नुसता क्रमांक येऊ लागला. संग्राहक हा क्रमांक पाहून संतोष पावतो. आम्ही मात्र त्यापाशी अडखळतो. पोलंडमधील लोड्झ येथील ज्यू वस्ती १९४० च्या वसंतात कुंपण घालून बंद करण्यात आली, आणि तेथील कार्यशाळांत उपाशी माणसांनी जर्मन सैन्याचे गणवेष शिवले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये वस्ती रिकामी करून उरलेल्यांपैकी बहुतेकांना आउश्वित्सला पाठविले. क्रमांकावरून एखादे वेळी कारखाना सापडेल. टाके घालणारा हात सापडत नाही.

लोहमार्ग पोलिसांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. स्थानके, पूल, मालधक्के यांची राखण हे त्यांचे काम. नोकरी जर्मन रेल्वेची, म्हणजे 'राइखबान'ची. १९३७ मध्ये हे खाते पूर्णपणे सरकारच्या हाती आले, आणि त्याचे महासंचालक डोर्पम्युलर त्याच वर्षी वाहतूकमंत्री झाले. रेल्वेच्या नोकरांच्या बाहीवर गरुड असे व त्याखाली विभागाचे नाव: म्युनिक, बर्लिन, आणि जिंकलेल्या मुलखात रीगा, मिन्स्क, कीव्ह. बाजारात पूर्वेकडच्या नावांचे मोल अधिक. ते का, हे विचारण्याची तसदी थोडेच घेतात. १९४१ च्या नोव्हेंबरपासून हॅम्बुर्ग व इतर शहरांतील ज्यूंना घेऊन ज्या गाड्या मिन्स्कला पोहोचल्या, त्यांचे भाडे रेल्वेने रीतसर आकारले होते. दर तिसऱ्या वर्गाचा, माणशी किलोमीटरला ४ फेनिग. १० वर्षांखालील मुलांना अर्धे भाडे, ४ वर्षांखालील मुले फुकट. चारशेंहून अधिक माणसे असल्यास सवलत. कैद्यांचे तिकीट जाण्यापुरतेच काढले जाई, पहारेकऱ्यांचे जाण्यायेण्याचे. हे पहारेकरी बहुधा साध्या पोलीसदलाचे असत, रेल्वेचे नव्हेत. तेव्हा बाहीवर मिन्स्क आहे एवढ्यावरून त्या माणसावर आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. पण ते नाव म्हणजे केवळ दुर्मिळ भरतकाम, असे समजणेही तितकेच खोटे.

बनावटीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पूर्व जर्मनीच्या रेल्वेचे 'राइखबान' हे नाव १९९३ अखेरपर्यंत चालू राहिले, आणि १९५६ मध्ये उभारलेल्या तिच्या सैन्याचे कोटही जुन्या धाटणीचे होते. गुंड्या बदलून असे कोट युद्धकालीन म्हणून खपविले जातात. चित्रपटांसाठी शिवलेले निराळेच. जंबुपार किरणांत दोरा लखलखला तर संशय घ्यावा. मात्र अलीकडच्या साबणाने धुतलेला अस्सल कोटही चमकू शकतो. आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण आझाद हिंद फौजेच्या युरोपातील पथकाचे. त्यांचा पोशाख जर्मन सैनिकाचाच, फक्त बाहीवर झेपावणारा वाघ आणि जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत' ही अक्षरे. असा तुकडा ज्या कोणत्या कोटावर शिवावा, त्याचा इतिहासच पालटतो.

आम्हांस सर्वांत अधिक खटकते ते तथाकथित दुरुस्तीचे काम. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी लष्करी गणवेष वापरण्यास बंदी घातली. पण थंडी होती, आणि कापड नव्हते. लोकांनी गरुड उसवला, कोट काळा वा तपकिरी रंगविला आणि अंगात घातला. आयांनी तो कापून मुलांची जाकिटे केली. जेथे गरुड होता तेथे टाक्यांच्या भोकांची बारीक रेघ राहते. संग्राहक अशा कोटावर जुना गरुड पुन्हा शिवतो आणि त्याची किंमत वाढवितो. ती भोके तशीच ठेवलेला रंगीत कोट आमच्यापुढे आला, तर संग्रहालयाने आधी तोच घ्यावा, असे आम्ही सांगू. आणि तो कोणाच्या घरातून, केव्हा आला, हे त्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे.