बालाघाटचा अपुरा ताम्रपट आणि साक्षींचा मेळ

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी ह्या जिल्ह्यांचे भाग तोडून बनविण्यात आला. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर व भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आज त्याची ओळख मँगनीजच्या खाणींवरून आणि दाट अरण्यांवरून सांगितली जाते. परंतु महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ह्या जिल्ह्याचे नाव एका निराळ्याच कारणाने परिचित असते. वाकाटक नृपती दुसरा पृथिवीषेण ह्याचा ताम्रपट येथे सापडला. गेल्या शतकाच्या आरंभी डॉ. कीलहॉर्न ह्यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केला. कीलहॉर्न हे पूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते, हे अनेक वाचकांस ठाऊक असेलच.

हा ताम्रपट अपुरा आहे. दानपत्रात जे मुख्य असावयाचे, म्हणजे कोणते गाव, कोणाला व केव्हा दिले, ते त्यात मुळीच नाही. वेंबार येथील मुक्कामाचा उल्लेख, त्यानंतर राजवंशाची प्रशस्ती, आणि तेथेच लेख थांबतो. पुढचा मजकूर दान ठरल्यावर कोरावयाचा असावा, व तो प्रसंग आला नाही. दानपत्र म्हणून निरुपयोगी ठरलेला हा लेख इतिहासास मात्र अत्यंत उपयोगी ठरला. कारण दुसऱ्या प्रवरसेनानंतरच्या नरेंद्रसेन व पृथिवीषेण ह्या दोन राजांची माहिती प्रथम त्यातच मिळाली. प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या राजांचे चरित्र सांगण्याचा नाही. निरनिराळ्या ठिकाणची तुटक साधने एकत्र आणून त्यांतून एक वृत्तांत कसा जुळतो, आणि तो कधी कधी चुकीचा कसा जुळतो, हे ह्या एका उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

प्रथम कालनिर्णय पाहू. वाकाटकांनी आपल्या ताम्रपटांत संवत् वापरला नाही. केवळ राज्यवर्षे दिली. त्यामुळे त्यांचा काळ बाहेरच्या पुराव्यावरून ठरविणे प्राप्त होते. शिवनी येथील ताम्रपट १८३६ साली आणि अचलपूरजवळील चम्मक येथील १८६८ साली उजेडात आला होता. दोन्हींत असे म्हटले आहे की, दुसऱ्या प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्त ह्याची कन्या होती. हा देवगुप्त कोण? मगधातील उत्तरकालीन गुप्तांचा एक देवगुप्त देव-बरणार्कच्या लेखावरून ज्ञात होता व त्याचा काळ सातव्या शतकाच्या अखेरीचा येतो. १८८८ साली डॉ. फ्लीट ह्यांनी ह्या दोघांना एकच मानले, आणि सारे वाकाटक आठव्या शतकाकडे ढकलले गेले. कीलहॉर्न ह्यांनीही बालाघाटच्या पटाचा काळ त्याच धोरणाने लाविला. वस्तुतः ब्यूलर ह्यांनी अक्षरवटिकेवरून वाकाटकांना पाचव्या शतकात ठेवले होते. पण अक्षरांचे वळण ही मंद आवाजात बोलणारी साक्ष आहे. नामसादृश्य मोठ्याने बोलते. विद्वानांनी मोठ्याने बोलणाऱ्याचे ऐकले.

१९१२ साली एका तांबटाच्या घरी वंशपरंपरेने जपलेला एक ताम्रपट पुण्यात प्रा. का. बा. पाठक ह्यांच्या दृष्टीस पडला, आणि तीन शतकांची ही चूक दुरुस्त झाली. तो स्वतः प्रभावतीगुप्तेचा, नंदिवर्धन येथून दिलेला आहे. त्यात ती आपल्या पित्याचे नाव चंद्रगुप्त असे सांगते, मातेचे कुबेरनागा. आणि मागची वंशावळ गुप्त सम्राटांची देते. सांचीच्या गुप्त संवत् ९३ च्या लेखात ह्याच चंद्रगुप्ताचे दुसरे नाव देवराज असे येते, तेव्हा देवगुप्त हे नाव कोणाचे ह्याविषयी शंका उरली नाही. वाकाटक चौथ्या-पाचव्या शतकांत परत आले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट पुढे अनेक सापडले. बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी येथेही त्याचा तेविसाव्या राज्यवर्षाचा पट मिळाला. ह्या सर्वांतील वंशवर्णन जवळजवळ शब्दशः सारखे आहे. राजाच्या दप्तरात एक ठरीव मसुदा होता व लेखक तो उतरवून काढीत. म्हणून देवगुप्ताचे नाव दहा पटांत आले तरी साक्षी दहा होत नाहीत. साक्ष एकच, तिच्या नकला दहा. दान, गाव, ब्राह्मणांची गोत्रे ह्यांविषयी प्रत्येक पट स्वतंत्र साक्षीदार आहे, वंशाविषयी नाही. पुण्याचा पट मोलाचा ठरला तो ह्याच कारणाने. त्याचा मसुदाच निराळा. वाकाटकांच्या नेहमीच्या पेटीसारख्या माथ्याच्या अक्षरांऐवजी त्याची अक्षरे खिळ्याच्या डोक्यासारख्या माथ्याची आहेत, आणि वंशावळ माहेरची आहे. दुसऱ्या दप्तराची रीत त्यात उतरली आहे. एका वेगळ्या घरच्या साक्षीदाराने पहिल्या दहांना मागे सारले.

आता बालाघाटच्या पटाकडे वळू. त्यात पृथिवीषेणाला दोन वेळा बुडालेल्या आपल्या वंशाचा उद्धार करणारा असे म्हटले आहे. प्रशस्तिकाराने पराभवाची एवढी कबुली देणे विरळा. परंतु वंशाला बुडविले कोणी, ह्याविषयी तो मौन पाळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. उत्तर अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरच्या ताम्रपटात मिळाले. तो नलवंशीय भवदत्तवर्म्याचा असून नंदिवर्धनाहून, म्हणजे प्रत्यक्ष वाकाटकांच्या जुन्या राजधानीतून, दिलेला आहे. ओरिसातील पोडागढ येथील शिलालेख ह्याच भवदत्ताच्या पुत्राचा आहे. गेलेली राज्यश्री आपण परत मिळविली आणि ओसाड पडलेली पुष्करी नगरी पुन्हा वसविली, असे तो सांगतो. तिन्ही लेख शेजारी ठेवा. नलांनी नंदिवर्धन घेतले; पुढे वाकाटकांनी उलट चाल केली व नलांची राजधानी उजाड झाली; मग नलांनी ती सावरली. हे सगळे तिघांपैकी एकही लेख सांगत नाही. एकाने आपले बुडणे सांगितले, दुसऱ्याने केवळ मुक्कामाचे ठिकाण, तिसऱ्याने पुनर्वसन. शत्रुपक्षांनी संगनमत करून हे लिहिले असेल अशी शंका कोणी घेणार नाही. म्हणूनच हा मेळ पक्का वाटतो. माझ्या मते वाकाटक इतिहासात साधनांच्या जुळणीचे ह्याहून सुंदर उदाहरण दुसरे नाही.

ह्याच्या उलट उदाहरण अजिंठ्याचे. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातील वराहदेवाचा शिलालेख पावसापाण्याने फार झिजला आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे. पण नावांपैकी कित्येक अर्धवट उरली आहेत. जुन्या वाचकांनी त्यांपैकी एक नाव पृथिवीषेण असे वाचले. शिवनीच्या पटावरून पृथिवीषेण नावाचा राजा आधीच ठाऊक होता, दोन्हीकडे प्रवरसेन हे नाव होते. तेव्हा तेथे तेच नाव असणार असे डोळ्यांना वाटले असावे. परिणाम असा झाला की ताम्रपट व शिलालेख एकमेकांना पुष्टी देतात असे दिसू लागले. खरे पाहता ताम्रपटानेच शिलालेखाच्या तोंडी शब्द घातला होता, आणि मग तोच शब्द पुरावा म्हणून परत घेतला होता. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्तीचा ताम्रपट निघाला. तो पहिल्या प्रवरसेनाचा नातू व सर्वसेनाचा पुत्र. तेव्हा कळले की वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथे वाकाटकांची एक निराळीच शाखा नांदत होती. प्रा. वा. वि. मिराशी ह्यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि तेथील नाव विंध्यसेन असल्याचे दाखविले. ह्या शोधाचा लाभ साहित्यालाही झाला. आनंदवर्धनाने उल्लेखिलेल्या 'हरिविजय' ह्या आज लुप्त असलेल्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा ह्या शाखेचा मूळपुरुष, असे मानण्यास आधार मिळाला.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण, झिजलेले लेख पुरे करण्याचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. निरनिराळ्या मोजमापांचा मेळ घालणे यंत्रांस जुने आहे. १९६० साली रुडॉल्फ काल्मन ह्यांनी मांडलेल्या गणिती रीतीने विमाने व अवकाशयाने आपले स्थान ठरवितात: प्रत्येक उपकरणाची चूक किती असते हे जाणून, ज्याची चूक थोडी त्याला वजन अधिक. मात्र उपकरणांच्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असे ही रीत तिच्या साध्या रूपात गृहीत धरते. दोन्ही उपकरणे एकाच कारणाने चुकत असतील, तर यंत्राचा आत्मविश्वास वाढतो व चूक तशीच राहते. प्रवरसेनाच्या दहा पटांचीच ही अडचण.

२०२२ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात 'इथाका' नावाच्या एका संगणकीय रचनेचे वर्णन आले. हजारो ग्रीक शिलालेख वाचून ती तुटलेल्या लेखातील अक्षरे सुचविते, लेखाचे स्थळ व काळही सांगते. तुटलेली अक्षरे भरण्यात इतिहासज्ञ एकटे २५ टक्के अचूक ठरले, यंत्र एकटे ६२ टक्के, आणि यंत्राच्या सूचना हाती घेऊन इतिहासज्ञ ७२ टक्के. हे आकडे थोर आहेत, आणि त्यांतील शेवटचा आकडा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. परंतु असे यंत्र रिकामी जागा भरते ती पूर्वी जे वारंवार पाहिले त्यावरून. १९३९ पूर्वीचे सर्व वाकाटक लेख त्याला दिले असते, तर अजिंठ्याच्या त्या खळग्यात त्याने कोणते नाव बसविले असते? पृथिवीषेण हेच संभवते. विंध्यसेन हे नाव त्याने पाहिलेलेच नसते. आणि ज्या मोठ्या यंत्रांना आजचे विद्यार्थी सरळ प्रश्न विचारतात, ती तर असंख्य मजकुरांवर पोसलेली. त्यांतले कितीतरी मजकूर एकमेकांवरून उतरविलेले. फ्लीटचे आठवे शतक शंभर जागी नकललेले असले आणि पाठकांचा निर्णय चार जागी, तर संख्येवरून निवाडा कोणीकडे जाईल हे सांगावयास नको. शिक्षकाने अशा उत्तरावर विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की तुझे साक्षीदार किती घरचे आहेत.

जुळणी झाल्यावर ती पारखून पाहावयाची म्हणजे तिच्या बनावटीत ज्याचा हात नव्हता असे साधन शोधावयाचे. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा मराठी ग्रंथ १९५७ साली निघाला व वाकाटक लेखांचा त्यांनी संपादिलेला इंग्रजी संग्रह १९६३ साली. त्यात वत्सगुल्म शाखेच्या देवसेनाचा काळ त्यांनी अंदाजाने इ. स. ४५० ते ४७५ असा धरला होता. पुढे वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथील शिलालेख प्रकाशात आला. त्यात देवसेनाचे नाव असून शक ३८० हे वर्ष दिले आहे, म्हणजे इ. स. ४५७-५८. संवत् दिलेला हा वाकाटकांचा एकमेव लेख. अंदाज बांधताना तो कोणाच्याही हाती नव्हता.

बालाघाटच्या पटातील सर्वच कोडी मात्र अशी सुटलेली नाहीत. नरेंद्रसेनाविषयी त्यात एक अवघड समास आहे. पूर्वी संपादन केलेल्या गुणांच्या विश्वासावर त्याने वंशाची लक्ष्मी हिरावून घेतली, असा काहीसा त्याचा अर्थ होतो. कोणापासून हिरावली? थोरल्या भावाशी वारशाचा तंटा झाला असे काही म्हणतात. शत्रूने बळकावलेले राज्य त्याने सोडविले असे दुसरे. १९७७ साली मांढळ येथे दुसऱ्या पृथिवीषेणाचे पूर्ण ताम्रपट मिळाले, तरी ह्या प्रश्नाचा उलगडा त्यांनी झाला नाही. कोसल, मेकल व माळव्याचे अधिपती नरेंद्रसेनाची आज्ञा मानीत, असेही बालाघाटचा पट सांगतो. त्याला त्या त्या देशांतील एखाद्या लेखाचा दुजोरा मिळेपर्यंत ते विधान प्रशस्तीच्या सदरातच ठेवणे बरे. तिरोडी व लांजीच्या परिसरात अजून पुष्कळ जमीन न उकरलेली आहे.