सबब

पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनला लागते आणि 31 जुलैला संपते. या दोन महिन्यांत हर्णे बंदरातल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात आणि पुढच्या हंगामाचे खलाशी ठरतात. गेल्या पावसात ओळखीचे एक नाखवा माझ्याकडे आले. मी जुनी कागदपत्रे वाचतो, एवढे त्यांना ठाऊक. आदल्या हंगामात त्यांचे दोन खलाशी आगाऊ पैसे घेऊन मध्येच निघून गेले होते आणि ऐन धंद्यात होडी आठवडाभर उभी राहिली होती. ‘‘यंदा करार लिहूनच घेतो. सबब काहीही असो, हंगाम संपेपर्यंत होडी सोडायची नाही, हे एक कलम पक्के घाला,’’ ते म्हणाले.

लिहायला बसलो आणि ‘सबब’ या शब्दावरच अडलो. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ कारण. अर्जाच्या शेवटी ‘सबब विनंती की’ असे आपण लिहितो, तिथे तो ‘म्हणून’ या अर्थाने येतो. घरात मात्र ‘सबबी सांगू नकोस’ म्हणजे खोटी कारणे देऊ नकोस. शब्द तोच, अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून. निघून जाणाऱ्याचे कारण मागे राहिलेल्याला सबब वाटते. मग खरे कारण कोणते, हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे.

हर्णेचा इतिहास म्हटला की सुवर्णदुर्ग डोळ्यांपुढे येतो. 1755 साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि विलायती आगबोटींना हजारो माणसे पुरवली. त्यांच्या करारांचा इतिहास किल्ल्यांच्या इतिहासाइतका सांगितला जात नाही.

1859 चा तेरावा कायदा कारागीर, कामगार आणि मजूर यांच्या करारभंगाबद्दलचा होता. तो व्हावा म्हणून कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला होता. आरंभी तो कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांना लागू झाला. कामासाठी आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाने ‘कायदेशीर अथवा वाजवी सबबीशिवाय’ काम सोडले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. पैसे परत घ्यायचे की काम करून घ्यायचे, ही निवड मालकाची. हुकूम पाळला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. वाजवी सबब कोणती, हे कायद्यात कुठेही सांगितलेले नाही. प्रस्तावनेतच अशा करारभंगाला लबाडीचा म्हटले आहे. म्हणजे कामगाराने तोंड उघडण्याआधीच त्याच्यावर संशय. आणि मालकाने मजुरी बुडवली, तर त्याला तुरुंगात पाठवण्याची सोय या कायद्यात नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, भारतीय दंडसंहिता आली. तिच्यातली 490 आणि 492 ही कलमे याच विषयाची. पहिले प्रवासात सेवा सोडणाऱ्यांबद्दल. त्याच्या उदाहरणात पालखी मध्येच टाकून पळणारा भोई आहे. शिक्षा एक महिना कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मात्र इथे दोन कारणे स्पष्ट लिहिली आहेत : आजारपण आणि छळ. दुसरे कलम मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी कामाला नेलेल्या मजुरांचे. त्यात छळाबरोबर आणखी एक कारण येते : मालकाने कराराची स्वतःची बाजू पाळली नाही, तर मजूर दोषी नाही. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. करार दोघांचा असतो, हे तिने मान्य केले.

जहाजांवरचा नियम याहून कडक. तिथे वेळेवर न चढणे किंवा जहाज सोडून जाणे हा गुन्हाच. खलाशाच्या सेवापुस्तकात प्रत्येक सफरीनंतर वर्तणुकीचा शिक्का पडे. चांगल्या माणसाला ‘व्हेरी गुड’. कप्तानाची मर्जी गेली, तर ‘डिक्लाइन टु रिपोर्ट’, म्हणजे ‘अभिप्राय देण्यास नकार’. त्या शिक्क्यात कारण लिहावे लागत नसे आणि खलाशाचे म्हणणे लिहायला तर जागाच नव्हती. पुढची नोकरी मात्र त्यावर अडे.

1939 च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश बंदरांतल्या हिंदी खलाशांनी जास्त पगाराशिवाय निघायला नकार दिला. सही केली तेव्हा समुद्रात पाणबुड्या नव्हत्या, आता आहेत, हे त्यांचे कारण. ते वाजवी मानले गेले नाही. शेकडो जण तुरुंगात गेले. पण जहाजे अडून राहिली, तेव्हा पगारवाढ द्यावीच लागली. त्या युद्धात सुमारे 6,600 हिंदी खलाशी मेले. कारण खोटे नव्हते.

1859 चा कायदा आणि दंडसंहितेतली ती दोन कलमे 1925 च्या कायद्याने रद्द झाली. स्वातंत्र्यानंतरच्या 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्यात, जहाज समुद्रात नेण्याजोगे नसणे हे वाजवी कारण मानले गेले. अट एकच : जहाज सोडण्याआधी खलाशाने कप्तानाकडे किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तशी तक्रार केलेली असावी. शंभर वर्षांनी कायद्याला कळले की कारण नुसते असून भागत नाही, ते सांगायला कोणी माणूसही लागतो.

हे सगळे मी नाखव्यांना सांगितले. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचेही सांगितले : आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे जाण्या-येण्याचे, दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणारा करार कायद्याने टिकत नाही. ‘‘मग माझ्या पैशांचे काय?’’ त्यांनी विचारले. प्रश्न खोटा नव्हता. डिझेल, बर्फ, बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही.

चार संध्याकाळी बसून आम्ही कागद केला. आगाऊ रक्कम एकदम न देता महिन्यागणिक द्यायची. आजारपण, घरातले मरण, मारहाण, थकलेला हिशेब आणि नादुरुस्त होडी ही सोडून जाण्याची मान्य कारणे. शेवटच्या कारणावर नाखवा अडले. ‘‘समुद्रात जायचे की नाही हे तांडेल ठरवणार.’’ तोड निघाली : होडी किनाऱ्यावर असताना खलाशाने बोलायचे, समुद्रात तांडेलाचा शब्द शेवटचा. दुसऱ्या होडीवर जास्त पैसे मिळतात, हे कारण धरायचे नाही; पण आठ दिवस आधी सांगून आणि न फेडलेली रक्कम परत करून जाता येईल. वाद झाला तर बंदरावरच्या दोन वडीलधाऱ्यांपुढे मांडायचा.

जुलैअखेर खलाशी आले. त्यातले तिघे नेपाळी, म्हणून कागद मी हिंदीत वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाने विचारले, ‘‘और सेठ हमको निकालेगा तो? उसका कारण किधर लिखा है?’’

ते लिहिलेलेच नव्हते. 1859 च्या कायद्याचा एकतर्फीपणा इतके दिवस सांगत होतो आणि माझ्या हातून तसाच कागद झाला होता. नाखव्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. मग त्यांनीच पेन पुढे केले. त्या दिवशी आणखी एक कलम वाढले : खलाशाला काढायचे तर कारण सांगून, आठ दिवस आधी आणि त्या दिवसापर्यंतचा हिशेब चुकता करून.