बाळंतपणाचा खर्च कोणाचा?

बाळंतपण ही घरातली बाब, असे आपण समजतो. म्हणून खर्चही घराचाच. परंतु जी बाई रोजावर राबते, तिच्या बाळंतपणात औषधपाण्याबरोबर रोजही बुडतो. तो कोणी भरून द्यावा? या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत मिळालेली उत्तरे मी आपल्यापुढे ठेवतो.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांच्या वतीने तेथे ना. म. जोशी गेले होते. प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे विश्रांती आणि त्या काळात मायलेकरांच्या निर्वाहापुरते पैसे, असे परिषदेने ठरविले. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात या धर्तीचे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. पुढे मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा १९२८ च्या जुलैत डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार बराचसा सरकारने उचलावा. परंतु बाईच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा रोख होता.

१९२९ साली कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या रजेत रोज आठ आणे मिळू लागले. मात्र सगळा पैसा तिच्याच मालकाने द्यायचा होता. बाई कामावर घेतली तर खर्च, न घेतली तर सुटका! पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांतून बायांची संख्या घटत गेली. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशी त्याची इतरही कारणे होती. पण हा मोहही त्यांतलाच.

यावर तोड म्हणजे विमा. जर्मनीत १८८३ सालीच कामगार व मालक यांच्या वर्गणीतून आजारविमा सुरू झाला होता. आपल्याकडे १९४८ साली राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ साली ती योजना मुंबईत आली. वर्गणी सर्वांची, निधी एक; मग एका बाईचे बाळंतपण एका मालकाला जड होत नाही. विम्याचे मर्म एवढेच. पुढे १९६१ च्या प्रसूती कायद्याने विम्याबाहेरच्या आस्थापनांतील बायांनाही रजा दिली, आणि २०१७ साली बारा आठवड्यांचे सव्वीस झाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबईचा कायदा आपल्या वेशीपर्यंत आला नाही. पण आता सारे कायदे आहेत, तरी भूम, कळंब, वाशीकडची ऊसतोडीला जाणारी बाई त्यांच्या बाहेरच राहते. कारण तिचा मालक कोण, हेच कागदावर नाही. उचल मुकादम देतो, ऊस कारखान्याचा, आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’! बाई निम्मा कोयता. तिचे नाव कुठेच नाही. एक दिवस पडून राहिली तर खाडा धरला जातो. दिवस भरत आलेले असतानाही ती मोळी डोक्यावर घेते, ती हौसेने नव्हे.

दवाखान्यातले बाळंतपण सरकारने मोफत केले आहे. २०१७ पासून मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपयेही आहेत. पण तिची नोंद गावच्या आशाताईकडे आणि ती स्वतः परजिल्ह्यातल्या फडात. शिवाय बुडालेल्या रोजाला पाच हजार किती दिवस पुरणार?

मार्ग नवा शोधायला नको. १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच कोडे सोडविले होते. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून कामामागे लेव्ही घेऊन मंडळाकडे निधी उभा केला. ऊसतोड कामगारांसाठीही शासनाने महामंडळ काढले, आणि टनामागे कारखान्याकडून पैसे घेण्याचे तत्त्व मान्य केले. त्या निधीवर पहिला हक्क बाळंतिणीचा असावा, बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी, आणि रजेतला रोज तिच्या हाती पडावा. साखर सगळ्यांच्या घरी येते. तिच्या बाळंतपणाची वर्गणीही मग सगळ्यांनीच भरली पाहिजे.