किल्टच्या निऱ्या: हाताकडून सुईकडे

वस्त्रांच्या इतिहासात आज स्कॉटलंडला जायचंय. विषय आहे किल्ट, आणि सुरुवात राजेरजवाड्यांपासून न करता शिंप्याकडून नुकत्याच आलेल्या कोऱ्या किल्टपासून करू.

हाताने शिवलेला नवा किल्ट आला की बहुतेक वेळा तो लगेच अंगावर चढवता येत नाही. मागच्या निऱ्या खालच्या बाजूला कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेल्या असतात. हा दोरा उसवावा लागतो. चार-चार बोटांवर कापायचा आणि तुकडे अलगद काढायचे. एक टोक धरून सर्रकन ओढलंत, तर लोकरीचा धागाही बरोबर येतो. मग किल्ट रात्रभर कमरपट्टीला धरून टांगून ठेवायचा, म्हणजे घड्यांच्या सुरकुत्या बसतात. झालं. पण हा कच्चा टाका आला कुठून? निऱ्यांना एवढं जपायचं कधीपासून ठरलं?

कारण मुळात त्या जपायच्या नव्हत्याच. सतराव्या शतकात हायलँडचा माणूस जो किल्ट नेसायचा तो न शिवलेला. त्याला प्लेड म्हणत, आणि गेलिकमध्ये तो शब्द घोंगडीचाच. माग अरुंद, म्हणून आठ-नऊ वार कापड विणायचं, मधून कापून दोन तुकडे आडवे जोडायचे, आणि ते कमरेला निऱ्या घालून पट्ट्याने आवळायचं. उरलेला भाग खांद्यावर. आठ-नऊ वार म्हटल्यावर तुम्हाला नऊवारी आठवली असेल. संबंध काही नाही हं, पण समजायला उपमा छान आहे. निरी ही कापडात नसते, नेसणाऱ्याच्या हातात असते. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. अशा वस्त्राची निगा ती काय राखायची? झटकायचं, वाळवायचं, सकाळी पुन्हा निऱ्या.

मग वरचा भाग गळाला आणि फक्त कमरेखालचा छोटा किल्ट राहिला. याचं श्रेय थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज क्वेकर कारखानदाराला देतात. १७२०च्या दशकात त्याची इनव्हरगॅरीजवळ लोखंडाची भट्टी होती आणि कामगारांना मोठा प्लेड अडचणीचा व्हायचा, अशी गोष्ट. ती छापून आली १७८५ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा. इंग्रजाने किल्ट शोधला की नाही यावर स्कॉटलंडमध्ये अजून भांडणं होतात. मला स्वतःला त्या भांडणात फार रस नाही. लांबी कमी होणं ही छोटी गोष्ट आहे. निरीवर सुई चालली, ती मोठी.

आणि ती चालायच्या आत हे वस्त्रच संपण्याची वेळ आली होती. १७४६ला कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडाचा मोड झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. १ ऑगस्ट १७४७पासून हायलँडच्या पुरुषांनी प्लेड, किल्ट काही घालायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं सागरापार हद्दपारी! बंदी उठली १७८२ला. पस्तीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. वडिलांच्या कमरेवरच्या निऱ्या बघून मुलगा शिकतो, तो धागाच तुटला.

सुटका होती ती सैन्यातल्यांना. म्हणजे ज्या सरकारने किल्ट काढून घेतला, त्याचीच चाकरी पत्करली तर तो परत मिळायचा. ब्लॅक वॉच पलटणीत कवायतीला मोठा प्लेड आणि बराकीत छोटा किल्ट असे. पण पलटणीला हवा असतो सारखेपणा. शंभर माणसांच्या शंभर तऱ्हेच्या निऱ्या चालत नाहीत. निऱ्या कायमच्या शिवलेले किल्ट अठराव्या शतकाच्या शेवटी दिसू लागतात. पलटणीच्या किल्टमध्ये बहुधा प्रत्येक निरीच्या मध्यावर तीच एक रेघ येते, जणू रांगेत उभी. नागरी शिंपी उलट, चौकडीचा नमुना मागेही न तुटता दिसावा अशी निरी धरतो.

पुढे १८२२ला चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सोहळ्याची आखणी सर वॉल्टर स्कॉट यांची, आणि राजाने स्वतः किल्ट घातला. मग काय, ज्यांचे आजोबा हायलँडवाल्यांना चोर म्हणायचे तेही शिंप्याच्या दारात!

शिवलेली निरी टिकवावी लागते, हे सर्वांत कडवटपणे कळलं पहिल्या महायुद्धात. लोकरीवर चिखल थापला जायचा, म्हणून वरून खाकी कापडाचं आवरण बांधत. खंदकात भिजलेला किल्ट थंडीत गोठला की खालची कड गुडघ्यामागे कातडी सोलायची. आणि निऱ्यांच्या शिवणीत उवा! एवढी ऊब आणि एवढ्या घड्या त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला किल्ट लढाईतून काढून घेतला गेला.

एक चिठ्ठी आली आहे. ‘परदेशातल्या मुलाने लग्नासाठी आठ वारी किल्ट शिवून घेतलाय, तो ठेवायचा कसा?’ सांगतो. घरी धुवायचा नाही. दर वेळी ड्रायक्लीनलाही नको. घातल्यानंतर हवेत टांगा, ब्रशने झाडा, डाग तेवढाच ओल्या फडक्याने टिपा. इस्त्रीला वर ओलसर कापड ठेवून दाबायचं, घासायचं नाही. आणि त्याआधी निऱ्या खाली पुन्हा कच्च्या टाक्यांनी धरायच्या, तोच सुरुवातीचा दोरा. किल्ट-पिन फक्त वरच्या पदराला लावा, दोन्ही पदरांतून घातली तर बसताना कापड फाटतं. बसताना मागच्या निऱ्या हाताने सपाट करून बसा. कसर लागते ती घामाच्या, अन्नाच्या डागांना आधी, तेव्हा स्वच्छ करूनच कपाटात ठेवा, मग डांबरगोळ्या. आणि लांब झाला म्हणून खालून दुमडू नका. खालची कड हा कापडाचा मूळ काठ असतो, तिथे दुमड नसते. उंची कमी करायची तर वरून, कमरेकडून, आणि ते काम किल्ट शिवणाऱ्याकडेच द्या.