पेटीची गोष्ट : वजन कुणी पेलायचं, फळानं की फळीनं?



रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात मोसंबीची छाटणी, बहार धरणं, डिंक्या रोग यांवर बोलणं होतच असतं. आज मात्र झाडाबद्दल नाही, झाडावरून फळ उतरल्यावर काय होतं त्याबद्दल बोलू. तोडणी झाली की आपल्याला वाटतं, सुटलो. पण खरं नुकसान पुष्कळदा तिथूनच सुरू होतं.

जालना जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली आहे. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे नाव फुकट मिळालेलं नाही. 2012 च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूर भागात बागाच्या बागा वाळल्या. कुणी टँकरनं पाणी घालून झाडं जगवली, कुणी डोळ्यांदेखत सरपण केलं. एवढ्या कष्टानं राखलेलं फळ बांधावरून निघून मोंढ्यात पोचेपर्यंत दबून, फुटून जात असेल तर ते हातातोंडाशी आलेला घास पडल्यासारखंच आहे. हे थांबवायचं कसं, यावर जगात गेली दीडशे वर्षं माणसं डोकं चालवीत आली आहेत. ती हकिकत समजून घेतली तर आपली पेटी कशी असावी हे आपोआप कळतं.

पाटी आणि करंडी

आपल्या वाडवडिलांकडे माल न्यायला बांबूची पाटी, डाली आणि करंडी होती. ती वाईट नव्हती. हलकी, हवेशीर आणि गावातच विणून मिळणारी. डोक्यावर घेतली की डोक्याच्या आकाराला बसते. बैलगाडीत पसरून ठेवली की एका थरात बाजार गाठते. गोची कुठं होते? एका पाटीवर दुसरी पाटी ठेवली की वरचीचं बूड खालच्या मालावर बसतं. म्हणजे वरचं सगळं वजन खालच्या फळावर. आठवडी बाजार चार कोसांवर होता तोवर हे चालून गेलं. दुसरी पाटी वर ठेवायची पाळीच फारशी येत नव्हती.

मग आगगाडी आली. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातली मनमाड–हैदराबाद ही मीटर गेजची लाईन जालन्यावरून सुरू झाली. जालन्याच्या मोंढ्याला दूरचं गिऱ्हाईक मिळालं. पण मनमाडला एक अडचण होती. आपली गाडी अरुंद रुळाची आणि मुंबईची रुंद रुळाची. मुंबईकडचा माल मनमाडला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. ज्वारीच्या किंवा कापसाच्या गाठोड्याला त्याचं काही वाटत नाही, पण फळाला प्रत्येक उचल-आपट सोसावी लागते. 1990 नंतरच्या दशकात आपल्या लाईनीचं ब्रॉडगेज झालं, तोवर हा त्रास होता. आता मालट्रक बांधावर येतो. तरी ट्रकात मोसंबी मोकळी ओतायची पद्धत पुष्कळ ठिकाणी तशीच आहे. खाली पाचट किंवा गवत अंथरायचं, वर फळ ओतायचं आणि वरून ताडपत्री.

इथं थोडा हिशेब करू. मोसंबीचा ढीग दीड मीटर उंच असला तर एका चौरस मीटरवर साधारण पावणेआठशे किलो वजन येतं. तेवढ्या जागेत तळाला दोनशेच्या आसपास फळं बसतात. म्हणजे तळाच्या प्रत्येक फळाच्या बोकांडी पावणेचार किलो. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यातून गाडी उसळली की त्याच्या कितीतरी पट दणका बसतो. फळ लगेच फुटत नाही, वरून चांगलं दिसतं. पण साल आतून दबते आणि दोन दिवसांनी तिथं पांढरी-हिरवी बुरशी दिसू लागते. तोवर माल दिल्लीला पोचलेला असतो.

कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांची गोष्ट

हेच दुखणं अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या संत्रा बागायतदारांना होतं. 1877 साली तिथून संत्र्यांचा पहिला पुरा रेल्वे डबा सेंट लुईस शहराकडे गेला. अंतर हजारो मैलांचं. पुढे तिथे लाकडी पेटीचं एक ठराविक माप रूढ झालं : 26 इंच लांब, 12 इंच रुंद, 12 इंच उंच, मधोमध एक आडवी फळी. साधारण 70 पौंड, म्हणजे 32 किलोच्या आसपास माल त्यात बसे. मधली फळी नुसते दोन कप्पे पाडायला नव्हती. लांब पेटी मध्येच वाकू नये आणि वरच्या पेटीचं वजन तिनंही उचलावं म्हणून ती होती. सगळ्यांची पेटी एका मापाची असल्यामुळे डब्यात थप्पी नीट बसे, जागा वाया जात नसे आणि गिऱ्हाईकही न मोजता पेटीवर भाव करी.

तरीही फळ सडत होतं. बागायतदार म्हणत रेल्वेचा दोष, रेल्वेवाले म्हणत तुमच्या मालाचा दोष. तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्यातले जी. हॅरोल्ड पॉवेल नावाचे शास्त्रज्ञ बागांतून आणि पॅकिंगच्या वखारींतून फिरले. 1908 साली त्यांचा अहवाल निघाला. त्यात त्यांनी दाखवून दिलं, की धडधाकट सालीतून ही बुरशी सहसा आत शिरतच नाही. तिला वाट लागते, आणि ती वाट माणूस करून देतो. तोडणीच्या कात्रीचा ओरखडा, लांब राहिलेल्या देठाचं टोक शेजारच्या फळात घुसणं, धसमुसळी हाताळणी, हीच ती वाट. हळुवार तोडलेलं आणि हाताळलेलं फळ त्याच गाडीतून चांगलं पोचलं. भांडण मिटलं. औषध फवाऱ्यात नव्हतं, हातात आणि पेटीत होतं.

1950 नंतर तिथली लाकडी पेटी मागे पडून पुठ्ठ्याचं खोकं आलं. पण ठराविक माप आणि एकावर एक बसणारी थप्पी ही शिकवण मात्र राहिली.

आपल्याकडची पेटी आणि तिचा भाव

आपल्या महाराष्ट्रातही लाकडी पेटीला मोठा मान आहे. कोकणातला हापूस गवतात निजवून लाकडी पेटीतून मुंबईला जाई. बाजारात अजून ‘पेटीला काय भाव?’ असंच विचारतात. म्हणजे पेटी नुसतं भांडं राहिली नाही, ती माप झाली. आणि पेटी माप झाली की तिच्या आकारात शेतकऱ्याचा पैसा अडकतो, हे लक्षात घ्या.

हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदवाल्यांनी हे भोगलं. तिथे पूर्वी सफरचंदाच्या पेट्यांसाठी डोंगरावरची फर आणि स्प्रूसची झाडं मोठ्या संख्येनं तुटत. जंगल वाचावं म्हणून 1980 नंतरच्या काळात पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळणं झालं. पण पुठ्ठ्याचं ते खोकं वरच्या झाकणासकट ताणून उंच करता येई. मग व्यापाऱ्यानं म्हणावं, ‘आणखी भर’, आणि भाव खोक्याचाच द्यावा. वीस किलोच्या जागी पंचवीस-तीस किलो माल जाऊ लागला. शेवटी 2024 च्या हंगामापासून तिथल्या सरकारनं एकाच मापाचं, ताणता न येणारं खोकं सक्तीचं केलं. शेतकऱ्यांची ही मागणी जुनी होती. यातून आपण घ्यायचा धडा असा : पेटीचं माप आपण ठरवलं नाही, तर समोरचा ठरवतो.

आमची फजिती

आता एक आमचीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावातल्या बागायतदारांना मी पेटीत माल भरायचा आग्रह केला. मंडळींनी विश्वास ठेवला. सुताराकडून पेट्या करून घेतल्या. पट्ट्या पातळ, लाकूड ओलं आणि कोपऱ्यात ठोकळे नाहीत, पट्टीलाच पट्टी ठोकलेली. वर शिगोशीग माल. सहा पेट्यांची थप्पी लावली. सकाळी पाहतो तो खालच्या पेट्यांच्या बाजू पोटासारख्या फुगलेल्या, वरच्या पेटीचं बूड खालच्या फळात रुतलेलं, खिळे बाहेर आलेले. मोंढ्यात त्या मालाची वेगळी घट धरली ती धरलीच. एक काका मला म्हणाले, “साहेब, ह्यापेक्षा आमची पाटी काय वाईट होती?” मला उत्तर देता आलं नाही. चूक त्यांची नव्हती, सुताराचीही नव्हती. पेटी कशासाठी असते हेच मी नीट सांगितलं नव्हतं.

पेटी ही माल ठेवायचं भांडं आहेच, पण त्याआधी ती एक खुर्ची आहे. वरच्या पेटीला बसायला चार पाय पाहिजेत. वजन पायांतून जमिनीत जावं. आतल्या फळाला त्याची खबरसुद्धा लागू नये.

मग पेटी करायची कशी?

बाहेरून 60 सेंटीमीटर लांब आणि 40 सेंटीमीटर रुंद असं माप धरा. जगभर मालाच्या खोक्यांसाठी हेच माप पायाभूत मानतात. 120 × 80 सेंटीमीटरच्या फळकुटावर, म्हणजे ज्याला पॅलेट म्हणतात त्यावर, एका थरात अशा बरोबर चार पेट्या बसतात. आतली खोली 20 सेंटीमीटर पुरे. त्यात मोसंबीचे तीनच थर येतात, म्हणून खालच्या फळावर दोन फळांपेक्षा जास्त ओझं पडत नाही. काठापासून दोन सेंटीमीटर मोकळं सोडून भरलं की माल साधारण 20 किलो होतो. एका माणसाला उचलायला सोपं, आणि हमालही आपटत नाही. जड ओझं हातातून सुटतं, हलकं ठेवलं जातं.

चार कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे उभे बसवा. हेच पेटीचे पाय. ठोकळे बाजूच्या पट्ट्यांपेक्षा एक सेंटीमीटर वर आलेले असावेत. मग वरची पेटी ठोकळ्यांवर टेकते आणि मधल्या फटीतून हवा खेळते. आठ पेट्यांची थप्पी लावली तर सर्वांत खालच्या पेटीवर सातांचं वजन येतं. पेटीचं स्वतःचं वजन तीन किलो धरलं तर 161 किलो. चार ठोकळ्यांत वाटलं की एकेकावर चाळीस किलो. चांगला वाळलेला ठोकळा ते सहज पेलतो. मात्र ठोकळ्यावर ठोकळा बरोबर आला पाहिजे. पेटी तिरकी किंवा आडवी ठेवली तर वजन पट्टीच्या मध्यावर येतं आणि पुन्हा आमच्यासारखी फजिती होते.

दोन्ही टोकांच्या फळ्या दोन सेंटीमीटर जाड, बाजूच्या आणि तळाच्या पट्ट्या सव्वा सेंटीमीटरच्या आसपास घ्या. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा. आतल्या कडांवरून रंधा फिरवा. कुसळ राहिलं तर तेच पॉवेलसाहेबांनी सांगितलेली वाट होईल. खिळे एका रेषेत मारू नका, नाहीतर लाकूड चिरतं. खिळ्याचं टोक आत डोकावत नाही ना, हे हात फिरवून बघा.

लाकूड वाळलेलंच घ्या. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि खिळे ढिले होतात. निलगिरी, सुबाभूळ किंवा वखारीतल्या उरलेल्या पट्ट्या चालतात. पेटीसाठी बांधावरचा आंबा तोडू नका. तोडायचंच झालं तर 1964 च्या झाडतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

लाकूड की प्लॅस्टिक?

खरं ते सांगितलं पाहिजे. प्लॅस्टिकचा क्रेट हलका असतो, धुवायला सोपा आणि बरीच वर्षं टिकतो. ज्याला तो परवडतो त्यानं जरूर घ्यावा. पण त्याच्याही कोपऱ्यांत हेच पाय आहेत, बघा. लाकडी पेटी गावात होते, मोडली तर गावात दुरुस्त होते. तिचा दोष एवढाच, की लाकडाच्या भेगांत बुरशीचं बी राहतं. म्हणून प्रत्येक हंगामाआधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवा. सडकं फळ निघालेली पेटी तशीच पुन्हा भरू नका. परदेशी माल पाठवायचा असेल तर लाकडाला उष्णतेची प्रक्रिया लागते. गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता 30 मिनिटं द्यावी लागते आणि तसा शिक्का लागतो.

थोडक्यात, देठ फळालगत कापा, फळ फेकू नका, पेटी काठाच्या खालीच भरा, ठोकळ्यावर ठोकळा ठेवा. एका गावच्या मंडळींनी मिळून एकच माप ठरवा आणि पेटीवर गावाचं नाव घाला. एकट्याची पेटी मोंढ्यात हरवते, पन्नास जणांची एकसारखी पेटी ओळखू येते.

पहिल्या वेळी सगळा माल पेटीत घालू नका. निम्मा पेटीत आणि निम्मा नेहमीसारखा पाठवा, आणि दोन्हीची पट्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. सुताराची मजुरी, परत आणायचं भाडं सगळं धरून हिशेब करा. जे निघेल ते आम्हाला कार्डावर लिहून कळवा, कमी निघालं तरी कळवा. ते काका पुन्हा भेटले तर त्यांना काय सांगायचं, ते तुमच्या आकड्यांवरूनच मला ठरवायचं आहे.